उभं झाड आणि चिरलेली फळी: मराठवाड्यात सुतारकामाला लागणाऱ्यांसाठी

नवीन पोरगा कामाला लागला की त्याला आधी रंधा हातात हवा असतो. रंधा, करवत, पटाशी ही हत्यारं सवयीनं हातात बसतात. लाकडाची ओळख मात्र मुद्दाम करून घ्यावी लागते, आणि तीही दोनदा. एकदा झाड उभं असताना, पान, साल, काटा, शेंग बघून. दुसऱ्यांदा तेच झाड आरा मशीनवरून फळी होऊन आल्यावर. तेव्हा पानही नसतं, सालही नसते, आणि व्यापारी सांगेल ते नाव खरं मानायची पाळी येते. बांधावरची बाभूळ लांबून ओळखणारा शेतकरी वखारीत फसतो, आणि वखारीत मुरलेल्या माणसाला रानात धावडा कोणता नि सालई कोणती ते सांगता येत नाही. सुताराला दोन्ही यायला हवं.

पुढं जे क्रमानं सांगितलंय ते परभणी, नांदेड, लातूर, बीडकडच्या माणसाला डोळ्यापुढं ठेवून. कोकणातला फणस आणि किंजळ इथं कामाला येत नाहीत. आपलं हवामान कोरडं, झाडं काटेरी आणि लाकूड बहुतेक टणक.

आधी बांधावरची झाडं

साग आपल्याकडे सगळीकडे नाही, बाभूळ मात्र प्रत्येक ओढ्याला आहे. तिच्यापासूनच सुरुवात करा. काळपट, उभ्या भेगा पडलेली साल. जोडीनं येणारे लांब पांढरे काटे. पिवळ्या गोंड्यांची फुलं. आणि दोन बियांच्या मध्ये आवळलेली, मण्यामण्यांची राखाडी शेंग. ही शेंग नीट लक्षात ठेवा, कारण वेडी बाभूळ तिच्यावरूनच वेगळी काढता येते. वेड्या बाभळीची शेंग सरळ, पिवळसर आणि चवीला गोडसर असते, मध्ये आवळलेली नसते. वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली. लोक तिला नुसतं जळण समजतात. लाकूड खरं तर वाईट नाही, वाळताना कमी आकसतं. पण चार फूट सरळ तुकडा तिच्यातून निघणं मुश्कील, म्हणून ती कोळशाच्या भट्टीत जाते.

गावठी बाभळीतच रामकाठी हा एक प्रकार आहे. तिच्या फांद्या पसरत नाहीत, खोडाला धरून सरळ वर जातात. अवजारांच्या दांड्यांना ती बरी पडते. हिवर हा बाभळीचाच भाऊबंद, पण साल फिकट, पांढरट-पिवळी, आणि पावसाळ्यात फिकट फुलांचे मोठे झुपके येतात. त्याचा गाभा विटकरी लाल आणि बाभळीइतकाच कठीण.

लिंब (कडुनिंब) ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. पण लिंबाची फळी ओळखणं वेगळं. गाभा लालसर, ताज्या ढलपीला उग्र वास, आणि रेघा (लाकडाचे धागे) एकमेकींत गुंतलेल्या. रंधा एका पट्टीवर साफ जातो आणि बोटभर पुढं उचकटायला लागतो. कीड कमी लागते हे खरं, म्हणून धान्याच्या कोठीला आणि कपाटाच्या आतल्या फळ्यांना लिंब चांगला. मोठ्या रुंद फळीला घेऊ नका, वाकतो.

चिंचेच्या खोडात गाभा लहान असतो, जांभळट-तपकिरी आणि भलता कठीण. भोवतीचा पिवळट भाग जाड, त्याला भुंगा लागतो. खाटकाचा ठोकळा, उखळ असल्या मार खाणाऱ्या वस्तूंना चिंच हवी. आंबा याच्या उलट: भुरकट, हलका, खिळा सहज घेणारा. ओला ठेवला तर निळा-काळा पडतो आणि किडतो. सेंट्रिंगच्या फळ्या, फळांच्या पेट्या एवढंच त्याचं काम. वाळवून, औषध मारून घरात वापरला तर टिकतोही, पण कुणी तेवढी उठाठेव करत नाही.

शिरीष मात्र बांधावरचं सर्वांत दुर्लक्षित लाकूड आहे असं माझं मत आहे. उन्हाळ्यात पानं झडली तरी लांब, चपट्या, फिकट शेंगा झाडावर राहतात आणि वाऱ्यावर खुळखुळतात, म्हणून तो दुरून ओळखू येतो. आतला गाभा गडद तपकिरी, भोवतीचा पांढरा भाग त्याच्यापासून स्पष्ट वेगळा. पॉलिश केल्यावर परक्या माणसाला ते अक्रोडाचं वाटतं. एकच त्रास, करवतीचा भुसा नाकात गेला की शिंका थांबत नाहीत, तोंडाला कापड बांधूनच चिरा. रस्त्याकडेला मोठी सावली धरून उभा असतो तो विलायती शिरीष वेगळा. त्याची शेंग काळपट, आतून चिकट-गोड, आणि लाकूड हलकं. दोघांचा भाव सारखा लावणाऱ्याकडून घेऊ नका.

सुबाभूळ आणि निलगिरी ही लावणीची झाडं. बल्ली, खांब, मंडपाचा टेकू यापलीकडे नवशिक्यानं त्यांच्या नादी लागू नये. निलगिरी वाळताना पिळवटते.

मग किनवटकडचं रान

मराठवाड्यात खरं सागाचं रान बघायचं तर किनवट-माहूरला जायला हवं. दोनदा जा, एकदा पावसाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात. पावसाळ्यात साग सोपा: हातभर रुंद, खरखरीत पानं समोरासमोर, कोवळी फांदी चौकोनी, शेंड्याला पांढरट फुलोरा. कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो. उन्हाळ्यात हे सगळं गळून पडतं आणि फक्त साल उरते, तेव्हा तुमची खरी परीक्षा.

धावड्याची साल गुळगुळीत, पांढरट-करडी, आणि तिचे खवले निघतात. सालईची सालही फिकट, पण हिरवट झाक असलेली, आणि तिचे कागदासारखे पातळ पापुद्रे सुटतात. लांबून दोन्ही पांढरी दिसतात, लाकडात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. धावडा कुऱ्हाडीच्या दांड्याचं लाकूड, धक्का खाऊनही तुटत नाही. सालई हलकी आणि कच्ची. बिबळ्याच्या झाडावर घाव बसला की लाल डिंक पाझरतो. त्याचा भुसा पेल्यातल्या पाण्यात टाकून उजेडात धरला की पाण्याला निळसर झाक येते, ही खूण इतर लाकडांत सहसा सापडत नाही. तिवसाला पळसासारखी तीन-तीन पानं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला गुलाबी फुलं. जुन्या गाड्यांच्या चाकांत तो असायचा. हळदूचा गाभा नावाप्रमाणे पिवळा, रेघ बारीक, कोरीवकामाला आणि खरादीला उत्तम. खानदेशाच्या अंगाला गेलात तर अंजन भेटेल. त्याचा गाभा इतका जड की पाण्यात बुडतो.

गौताळा, येडशी रामलिंग घाट, पैनगंगा ही अभयारण्यं आहेत. तिथं बघायचं, फोटो काढायचे, पण वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही.

नमुन्याची पेटी

इथून पुढचं सगळं या पेटीवर अवलंबून आहे. ज्या झाडाची ओळख उभं असताना पक्की पटलीय, त्याचाच तुकडा घ्या, वखारवाल्याच्या शब्दावर आणलेला नको. वादळात पडलेली फांदी, कुणी छाटलेला बुंधा, काहीही चालेल, पण मनगटापेक्षा जाड आणि आत गाभा असलेला हवा. त्याची सहा इंच लांब, तीन इंच रुंद, अर्धा इंच जाड पट्टी काढा. अर्ध्या भागावर तेल किंवा पॉलिश, अर्धा भाग कोरा. मागच्या बाजूला पेन्सिलीनं झाडाचं नाव, गाव आणि तोडल्याचा महिना लिहा. दहा-बारा जातींच्या पट्ट्या जमल्या की डोळे मिटून एकेक हातात घ्या, वजन आणि वासावरून नाव सांगा. पोरांना हा खेळ आवडतो. आणि वखारीत जाताना खिशात सागाची एक पट्टी असली की व्यापाऱ्याची भाषा बदलते.

फळी ओळखायची तर तिचं टोक बघा

रंगावर जाऊ नका. रंग लावता येतो, उन्हात बदलतो, आणि एकाच झाडाच्या दोन फळ्यांचा वेगळा असतो. फळीची रुंद बाजू सगळे बघतात, तुम्ही तिचं कापलेलं टोक बघा.

टोकावर करवतीचे ओरखडे असतात, त्यात काही दिसत नाही. धारदार पटाशीनं किंवा दाढीच्या पात्यानं नखाएवढी जागा एका सपक्यात, चकचकीत कापून घ्या. बोट ओलं करून त्यावर फिरवा, रंग गडद होतो आणि छिद्रं उघडी पडतात. मग घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं दहा पटींचं भिंग लावून बघा. सागात एका वर्षाच्या वर्तुळाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळच्या ओळ दिसते, पुढं ती बारीक होत जातात. भिंगाशिवायही ही ओळ दिसते. सागाच्या नावाखाली खपणाऱ्या बऱ्याच आयात लाकडांत छिद्रं अशी रांगेत नसतात, सगळीकडे विखुरलेली असतात. मेरांटी जातीच्या लाकडांत पांढऱ्या राळेच्या बारीक रेषा वर्तुळाच्या दिशेनं दिसतात, त्या एकदा पाहिल्या की विसरत नाहीत. बाभूळ आणि शिरीषात प्रत्येक छिद्राभोवती फिकट कडं असतं.

त्यानंतर ढलपी. एक पातळ ढलपी काढून बोटांत चोळा. साग किंचित मेणचट लागतो आणि त्याला जुन्या चामड्यासारखा वास येतो. हा वास नवीन कापलेल्या भागालाच येतो, वरून हुंगून काही कळत नाही. पाण्याचा थेंब टाकून बघायची पद्धतही आहे, सागावर तो लवकर मुरत नाही. पण कुणी आधी तेल चोळून ठेवलं असेल तर कुठल्याही लाकडावर थेंब थांबतो, म्हणून या एका परीक्षेवर सौदा करू नका.

वखारीत सागवान घेताना

वखारीत नावं बरीच ऐकाल. सीपी म्हणजे पूर्वीच्या मध्य प्रांतातला, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग, बल्लारशाच्या डेपोवरून येणारा. बर्मा साग म्हणून अजूनही भाव सांगितला जातो. म्यानमारनं 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे, तेव्हा 'ताजा बर्मा ओंडका' म्हणणाऱ्याला कागद विचारा. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचा साग मोठ्या प्रमाणावर येतो. तोही सागच, पण बराचसा कोवळ्या झाडांचा, पांढरा भाग जास्त असलेला.

हा पांढरा भागच खरा मुद्दा आहे. साग टिकतो तो त्याचा गाभा. सालीलगतच्या पांढऱ्या भागाला उधई (वाळवी) तितक्याच आवडीनं लागते जितकी आंब्याला. चौकटीच्या कोपऱ्यावर एक पांढरी पट्टी रंगाखाली लपली की काही वर्षांनी तिथूनच भुसा गळायला लागतो. भाव कमी करून घेण्यापेक्षा पांढरा भाग काढून घ्या. गाठी, चिरा आणि मधल्या कण्याची (खोडाच्या अगदी मध्यावरच्या मऊ भागाची) पोकळी याच वेळी बघायची. कण्यालगतची फळी हमखास फुटते.

मोजमाप

गोल ओंडका घनफुटात मोजताना घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याला त्यानंच गुणायचं आणि लांबीनं गुणायचं. घेर इंचात असेल तर 144 नं भागायचं. 36 इंच घेर आणि 8 फूट लांबीचा ओंडका: 9 गुणिले 9 गुणिले 8, भागिले 144, म्हणजे साडेचार घनफूट. या रीतीत खऱ्या घनफळाच्या साधारण 78 टक्केच मोजले जातात. ही फसवणूक नाही, चिराईत जाणाऱ्या मालाची सूट धरलेली आहे. कोणी खऱ्या गोलाच्या सूत्रानं मोजून भाव मात्र जुनाच लावत असेल तर तिथं भांडा. वनखात्याच्या लिलावात हिशेब घनमीटरमध्ये असतो. एक घनमीटर म्हणजे 35.3 घनफूट.

चिरलेल्या मालाचं सोपं: रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात, गुणाकार करून 144 नं भागा. सात फूट बाय साडेतीन फुटांच्या चौकटीला चारही बाजू धरून 21 फूट लागतात. 5 बाय 3 इंचाचा माल घेतला तर 315 भागिले 144, म्हणजे जवळजवळ 2.2 घनफूट. कुसू (खाचेत शिरणारं टोक) आणि कापाकापीला थोडं वाढीव धरा.

कागद

शेतातलं झाड आपलंच असलं तरी कुऱ्हाड लावण्याआधी विचारून घ्या. महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, 1964 नुसार साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, बिबळा, हळदू, तिवस, ऐन, अंजन, चंदन अशा अनुसूचित झाडांना परवानगी लागते. नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीत 1975 चा नागरी क्षेत्रांसाठीचा कायदा वेगळा. सात-बारा घेऊन वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात जा. तोडलेला माल हलवायला वाहतूक परवाना लागतो. काही जातींना त्यातून सूट असते आणि ती यादी बदलत राहते, म्हणून गाडी भरण्याआधी कार्यालयातच खात्री करा. तुम्ही झाड तोडत नसलात, नुसता माल घेत असलात तरी पावती आणि परवान्याची प्रत जवळ ठेवा. ओंडक्यावर वनखात्याचा हातोड्याचा शिक्का असतो, तो कापून टाकायची घाई करू नका. चंदन कुणी कितीही स्वस्तात दिलं तरी हात लावू नका.

वाळवणं

मराठवाड्यातल्या सुताराचं निम्मं नाव इथं राहतं किंवा जातं. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की उघड्यावर पडलेलं लाकूड सहा-सात टक्के ओलीपर्यंत उतरतं. ऑगस्टमध्ये तेच लाकूड चौदा टक्क्यांच्या आसपास जातं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं, आणि वर्तुळाच्या दिशेनं चिरलेली फळी कण्याच्या दिशेनं चिरलेल्या फळीपेक्षा सुमारे दुप्पट. सागासारखं शांत लाकूडसुद्धा एक फूट रुंदीला मे ते ऑगस्टच्या दरम्यान तीन-चार मिलिमीटर फुगतं. उन्हाळ्यात घट्ट बसवलेला दरवाजा पोळ्यापर्यंत चौकटीला घासायला लागतो आणि मालक सुताराच्या नावानं बोंब मारतो. उन्हाळ्यात दरवाजा बसवताना बाजूनं तीनेक मिलिमीटर फट सोडा. पावसाळ्यात बसवताना कमी सोडली तरी चालेल, उन्हाळ्यात ती आपोआप वाढणार आहे. दरवाजातलं पॅनेल फेव्हिकॉलनं कधीच चिकटवू नका. खाचेत ते मोकळं राहिलं तर हलेल, जखडलं तर फुटेल.

तोड थंडीत करावी. जुने सुतार अंधाऱ्या पक्षात तोड करायला सांगतात, कीड लागत नाही म्हणून. मला पक्षापेक्षा हंगाम महत्त्वाचा वाटतो: दिवाळीनंतर तोडलेलं लाकूड हळूहळू वाळतं, एप्रिलात तोडलेलं तडकतं. बाभळीचे ओंडके पूर्वी विहिरीत किंवा डोहात काही महिने बुडवून ठेवत. त्यातला पिठूळ अंश पाण्यात निघून जातो आणि भुंगा कमी लागतो. पाणी असेल तिथं अजूनही करावं.

चिरलेल्या फळ्या सावलीत रचायच्या, पत्र्याच्या शेडखाली, वारा आरपार जाईल अशा. जमिनीपासून वीतभर उंच, विटांवर. प्रत्येक थराच्या मध्ये इंचभर जाडीच्या सरळ पट्ट्या, दीड-दोन फुटांवर, आणि वरच्या थरातली पट्टी बरोबर खालच्या पट्टीवर. ही एक गोष्ट चुकली की फळी लाटांसारखी वाकते आणि मग कुठलाही रंधा तिला सरळ करत नाही. टोकांना ऑइल पेंट किंवा मेण लावा, काहीच नसेल तर शेणकाला. टोकातून ओल सर्वांत वेगानं जाते आणि चिरा तिथूनच पडतात. ढिगावर वर दगड ठेवा.

वाळलं की नाही हे हातानं सांगता येत नाही. ओल मोजायचं मीटर मिळतं. नसेल तर ढिगाच्या मधल्या फळीतून एक तुकडा कापा, टोकाकडचा नको. तो तोलून घ्या, मग भट्टीत किंवा ओव्हनमध्ये 103 अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. 240 ग्रॅमचा तुकडा 200 वर थांबला तर गेलेलं पाणी 40 ग्रॅम, भागिले कोरडं वजन 200, म्हणजे ओल 20 टक्के. घरातल्या सामानाला 10 ते 12 टक्के हवी. बाभळीची दोन इंची फळी तिथवर यायला वर्ष सहज जातं.

माळवदाचं जुनं लाकूड

वाळलेलं लाकूड स्वस्तात हवं असेल तर पाडकामावर नजर ठेवा. लातूर-धाराशिवकडची माळवदाची घरं म्हणजे दगड-मातीच्या भिंती, लाकडी खांब, त्यावर तुळया आणि वर जाड मातीचा थर. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या किल्लारी भूकंपात मातीचा हा भार आणि सैल दगडी भिंती माणसांच्या अंगावर आल्या, आणि त्यानंतर नवं माळवद घालायचं फारसं कुणाच्या मनात आलं नाही. जी घरं उरली ती आता एकेक करून उतरवली जातात. खांब-तुळयांतला गाभा कित्येकदा शाबूत असतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या छपराखाली वाळलेलं लाकूड नव्यानं वाळून आकसायचं राहिलेलं नसतं.

घेताना भिंतीत गाडलेली टोकं आधी बघा, उधई तिथं असते. मोगरीनं (लाकडी हातोड्यानं) ठोकत जा, भरीव जागेचा आवाज खणखणीत, पोखरलेली जागा भदभद वाजते. करवतीला लावण्याआधी मोठं लोहचुंबक सगळ्या अंगावरून फिरवा. जुने खिळे आत मोडलेले असतात, आणि आरा मशीनचं पातं एका खिळ्यानं जातं. खिळा लोखंडी असेल तर भोवती काळा डागही दिसतो. कोरीव खांब, तोरणाची चौकट, वीतभर रुंद उंबरा असं काही हाती लागलं तर चिरू नका. जसंच्या तसं विकलं तर जास्त पैसे येतात, आणि चिरलं तर परत होत नाही.

कशाला काय

दरवाजाची चौकट बाहेरची असेल तर साग, ऐपत नसेल तर जुनी बाभूळ. भिंतीला लागणाऱ्या बाजूला डांबर लावायचं विसरू नका. औताची कामं कमी झाली, तरी जू, रुमणं, तिफणीचा दिंड अजून कुणी ना कुणी मागतं, त्याला बाभळीशिवाय पर्याय नाही. जू मात्र हलकं हवं, बैलाच्या मानेवर दिवसभर असतं. त्याला बाभळीचा जड बुंधा घेऊ नका, मधल्या वयाचं सरळ खोड घ्या. कुऱ्हाडीला धावडा. कपाट आणि पलंगाला साग किंवा शिरीष. बाकी फर्निचर आता प्लायवर चालतं, त्याला झाड ओळखावं लागत नाही.

वाळलेल्या बाभळीत थेट खिळा ठोकला की खिळा वाकतो नाहीतर लाकूड फुटतं. आधी गिरमिटानं खिळ्यापेक्षा किंचित बारीक भोक पाडा. साग धार खातो, त्याच्यात वाळूसारखा अंश असतो. निसणा (धार लावायचा दगड) जवळ ठेवा आणि धार जायच्या आधी लावा.

हत्यारं आणि पहिलं काम

सुरुवातीला करवत, वाकस (लाकूड तासायचं हत्यार), दोन पटाश्या, रंधा, गुण्या (काटकोन बघायचं हत्यार), गिरमिट आणि निसणा एवढं पुरतं. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत (सप्टेंबर 2023 पासून) सुतार हा 18 व्यवसायांपैकी एक आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजानं दोन टप्प्यांत 3 लाखांपर्यंत कर्ज मिळतं. शिकायची इच्छा असेल तर आयटीआयचा सुतारकामाचा अभ्यासक्रमही आहे.

पहिली वस्तू स्वतःची मोगरी करा. डोकं बाभळीच्या गाभ्याचं, 5 इंच लांब, साडेतीन रुंद, 3 जाड. पांढरा भाग अजिबात नको. दांडा धावड्याचा किंवा बाभळीचा, डोक्यापेक्षा जास्त वाळलेला. डोकं नंतर आकसलं की ते दांड्याला आवळून धरतं, उलटं केलं तर मोगरी महिन्याभरात सैल होते. भोक वरून किंचित रुंद आणि खाली अरुंद ठेवा, दांडाही त्याच उताराचा घडवा आणि वरून घाला, म्हणजे झटका दिला की डोकं उडण्याऐवजी आणखी घट्ट बसतं. भोक दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं पाडा. एकाच बाजूनं आरपार गेलात तर पलीकडची ढलपी उपटून येते. शेवटी दोन्ही टोकांना जवसाचं तेल पाजा, पिणं थांबेपर्यंत. तेल पुसलेला बोळा मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तो आतून तापतो आणि आपोआप पेट घेऊ शकतो. बाहेर दोरीवर मोकळा पसरा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.